उसन्या मण्यांची मान

घानातल्या आमच्या कुमासीच्या बाजारात बिननावाचं कापड विकलं जात नाही. रंग कितीही सुरेख असू दे, छपाई कितीही पक्की असू दे, बाया हात लावून बघतात आणि विचारतात, "ह्याचं नाव काय?" नावच नसेल तर ते नेसून कुणाला काय सुनावणार? सवत, जाऊ, शेजारीण, पळून गेलेला नवरा, ह्यांना जे तोंडावर बोलता येत नाही ते आमच्याकडे कमरेला गुंडाळून रविवारी चर्चमध्ये न्यायचं असतं.

अफ्राकोमा ही ठोक व्यापारीण. सगळा बाजार तिला मामे, म्हणजे आई, म्हणे. तिच्या गोदामात नवं कापड आलं की त्याचं बारसं करायची तिवा, मामेची जुनी गोदामवाली. दाराशी स्टूल टाकून बसायची, पानात बांधलेले आंबवलेल्या मक्याचे उंडे, म्हणजे केंके, आणि तळलेला मासा खात कापड न्याहाळायची आणि एक नाव फेकायची. संध्याकाळपर्यंत ते बाजारभर झालेलं असे. बाया तिच्या स्टुलापाशी थांबत, विचारत, हसत. त्या थांबण्यावरच तिवा जगत होती म्हटलं तरी चालेल.

मग मामेने गोदामाचा कारभार कम्प्युटरवर न्यायचं ठरवलं. माल वाढला होता. मागच्या कोपऱ्यात दडलेल्या गासड्या कुणाला दिसत नसत आणि आहे तेच कापड पुन्हा मागवलं जाई. हे तिवालाही मान्य होतं. दोन कंपन्यांची माणसं आपापलं यंत्र दाखवायला आली, त्या दिवशी तिवा मुद्दाम नवा ब्लाऊज घालून आली. मामे आपल्यालाच विचारणार, दुसरं कुणाला?

मामेने विचारलं पोमाला.

पोमाला! ही पोरगी इथे कामाला लागली तेव्हा तिला खरी मेणछपाई कुठली आणि नक्कल कुठली एवढंही कळत नव्हतं. तिवानेच तिचा हात धरून कापडावरून फिरवला होता. आता तीच पोमा पहिल्या कंपनीच्या टायवाल्याला विचारत होती, "वीज गेली की तुमचं हे काय करणार?" तो घाम पुसायला लागला. दुसऱ्या कंपनीचं यंत्र वीज नसतानाही नोंदी धरून ठेवायचं. पोमाने तेच घ्यायला लावलं.

"पोरीचं डोकं बघ, तिवा!" मामे म्हणाली.

तिवाच्या पोटात दुखलं. उगाच सभ्य शब्द कशाला शोधायचे, मत्सर तो मत्सर. दुसऱ्याचं बरं बघून डोळे लाल होतात, असं आमच्याकडे म्हणतात. तिवाचे झाले.

फडताळांना नंबर लागले, गासड्यांना पट्ट्या चिकटल्या. पोमा हातात स्कॅनर घेऊन हिंडू लागली, आणि प्रत्येक 'टिंग' तिवाच्या कानात काट्यासारखं रुतू लागलं. आता बाया स्टुलापाशी थांबेनात. पोमा नंबर सांगे, ओझेवाली थेट त्या फडताळाशी जाई, माल बाहेर.

"तिवा, स्टूल भाड्याने देतेस का?" एक गिऱ्हाईक म्हणाली. "नाहीतरी रिकामंच असतं."

तिवाने वीज जावी म्हणून प्रार्थना केली. वीज गेली. यंत्र चालूच राहिलं. देवसुद्धा पोमाच्याच बाजूचा निघाला.

अशात एक नवी गासडी आली. निळ्या रंगावर पिवळ्या मण्यांच्या माळा. पोमा स्कॅनर घेऊन स्टुलापाशी आली.

"मावशी, नाव सांगा ना. नुसता कारखान्याचा नंबर भरला तर बाया मागणार काय म्हणून?"

तिवाने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लिही. उसन्या मण्यांनी मान ताठ."

ओझेवाल्या खुसखुसल्या. बाण कुणावर सुटला ते भिंतींनाही कळलं. पोमाची बोटं थबकली. मग तिने शब्दन्शब्द भरला.

"भरलं, मावशी."

आणि ते कापड असं खपलं की विचारू नका! प्रत्येकीच्या ओळखीत एक उसन्या मण्यांची मान होतीच. माल संपत आला अशी सूचना आधी यंत्रानेच दिली आणि मामेने लगेच दुसरी खेप मागवली. बाया पुन्हा स्टुलापाशी थांबू लागल्या. "कुणाला बोललीस गं, खरं सांग!" तिवा नुसती हसे. बऱ्याच दिवसांनी ती पोटभर जेवली.

नवा कारभार नीट सुरू झाला तशी मामेने पाद्री बोलावून गोदामात प्रार्थना ठेवली. सगळा बाजार जमला. पोमा सगळ्यांत शेवटी आली आणि बोलणी बंद पडली. तिच्या अंगावर तेच कापड होतं. ब्लाऊज त्याचाच, खालचा घोळ त्याचाच, डोक्याचा फेटासुद्धा त्याचाच. ज्याच्यासाठी टोमणा असतो तो माणूस आमच्याकडे ते कापड मेला तरी नेसत नाही.

पोमा सरळ तिवासमोर येऊन किंचित वाकली.

"मावशी, तुम्ही नाव खरंच दिलंत. माझ्या गळ्यातलं सगळं उसनंच आहे. तुमच्याकडून घेतलेलं. म्हणून म्हटलं, हे मीच नेसायला हवं."

बायांनी टाळ्या पिटल्या. मामेने डोळे पुसले. तिवाला धरणी दुभंगावी असं झालं. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, तेव्हासुद्धा तिच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की मेलं हे कापड हिलाच इतकं खुलून का दिसतं!

पुढच्या आठवड्यात आणखी एक गासडी उघडली. काळ्यावर मोठाले लाल गोल. पोमा स्कॅनर घेऊन उभी राहिली. नावाची वाट बघत. तिवा खूप वेळ त्या लाल गोलांकडे बघत बसली. केंके तसंच पानात गार झालं.

"लिही," ती शेवटी म्हणाली. "माझेच डोळे लाल."

पोमाने लिहिलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "हे कुणासाठी, मावशी?"

"पहिला तागा बाहेर काढ," तिवा म्हणाली, "आणि माझ्या नावावर टाक. रविवारी मी नेसणार आहे."