गुणावहिनीची फुंकणी

माझा भाऊ काशिराम पनवेलात इंजिनाचा डॉक्टर म्हणून ओळखला जायचा. ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची, आणि अजूनही जाते. भाऊ गेला, गॅरेज गेलं, तरी बाजारात कुणी म्हातारा भेटतोच आणि म्हणतो, "वेणूताई, तुमचा दादा नळी लावून मोटारसायकलची नाडी बघायचा हो." नळी कसली? चूल फुंकायची फुंकणी होती ती, आणि ती माझ्या वहिनीची होती.

गुणावहिनी उरणच्या वाटेवरच्या गावची, मिठागरावर राबणाऱ्या घरातली. पुणे रस्त्याला लागून पुढे दादाचं गॅरेज, मागे आम्ही राहायचो, मध्ये फळ्यांची भिंत. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराने भंगारात काढलेल्या मोटारसायकली तेव्हा फार होत्या, आणि त्या धावायच्या कमी, कण्हायच्या जास्त. भाकऱ्या थापता थापता वहिनी त्यांचं कण्हणं ऐकायची. एकदा दादा एका इंजिनापुढे डोकं खाजवत बसला होता, तेव्हा ही फुंकणी घेऊन बाहेर आली. एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं कानाला, आणि म्हणाली, "वरची टिकटिक हाय. टॅपेट ढिलं झालंय." खरंच तसं होतं. मी विचारलं, तुला कसं कळलं? तर म्हणे, "मडकं घेताना वाजवून बघतो ना आमी, तसंच हाय."

त्यानंतर फुंकणी पुढे गेली आणि वहिनी मागेच राहिली. गिऱ्हाईक आलं की ती फळीला कान लावायची आणि फटीतून दादाला हळूच सांगायची. गार इंजिन ठकठकतं आणि तापलं की गप्प होतं, म्हणजे पिस्टन. खालून जड ठोका येतो आणि गाडीवर ओझं पडलं की वाढतो, म्हणजे खालचं मोठं बेअरिंग. मग हा महाराज फुंकणी कानाला लावून डोळे मिटायचा आणि तिचेच शब्द तिसऱ्याला ऐकवायचा. लोक माना डोलवायचे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो माझा सख्खा भाऊ.

वहिनी चुकली ती एकदाच. एका दसऱ्याला तिने दादाच्या मोटारसायकलची पूजा केली आणि पूजेची सुपारी गाडीच्या हत्यारांच्या डब्यात ठेवली, रस्त्यात विघ्न नको म्हणून. दुसऱ्या दिवशी गाडी खडखडायला लागली. वहिनीने फुंकणी लावली आणि म्हणाली, आतला वॉल्व असेल. दादाने इंजिनाचं डोकं उतरवलं, पुन्हा बसवलं, खडखड तशीच. शेवटी पाना काढायला डबा उघडला तर सुपारी घरंगळत बाहेर आली. आता सांगा, डब्यातली सुपारी या इंजिनाच्या डॉक्टरला तरी कुठे ऐकू आली होती? पण तिचं नाव सुपारीवाली पडलं. तिने तोंड उघडलं की दादा म्हणायचा, "सुपारी बघ आधी." त्याच्या स्वतःच्या चुका मोजायला बसलं तर हाताची बोटं पुरली नसती.

मग एक दिवस ताहेर आला. मच्छीबाजाराजवळ त्याचं दोरखंडाचं दुकान होतं. पेणला त्याची सासू अत्यवस्थ असल्याचा निरोप आला होता. मोटारसायकलवर मागे त्याची बायको बिल्कीस, मांडीवर तान्हं मूल. एसटीला अजून वेळ होता, म्हणून गाडीनेच निघायचं, फक्त जरा आवाज येतोय, बघा, म्हणाला. दादाने फुंकणी लावली, टॅपेट आवळलं आणि म्हणाला, "जा बिनघोर."

वहिनी फळीमागून बोलली, "जाऊ नका. ठोका खालून येतोय."

"सुपारी असेल," दादा म्हणाला. गॅरेजमध्ये बसलेले हसले. ताहेरही हसला आणि त्याने किक मारली.

तेव्हा वहिनी बाहेर आली. पिठाच्या हातांनी तिने गाडी बंद केली, पाना घेतला, प्लग काढला आणि तो तापलेला प्लग पदरात गुंडाळून मुठीत धरला. दादाने हात उगारला. मी मध्ये जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, मारायचं तर मला मार.

"भाभी, प्लग द्या," ताहेर म्हणाला. "तिची अम्मी वाट बघतेय. आमच्याकडं वेळ नाय."

"बेअरिंग गेलं तर इंजिन जाम होईल आन् मागचं चाक जागीच धरंल," वहिनी म्हणाली. "कर्नाळ्याच्या उताराला मागून ट्रक आला, तर ही लेकराला घेऊन कुठं पडंल? सांगा तुमी."

ताहेर दादाकडे बघत राहिला. बिल्कीसने मात्र कुणाकडे बघितलं नाही. ती मूल घेऊन खाली उतरली आणि म्हणाली, "मी नाही बसत यावर." एवढ्या पुरुषांत तिच्या एकटीचं डोकं ठिकाणावर होतं. पेणकडे जाणारा एक ओळखीचा ट्रक थांबवून दोघं गेली. मायलेकींची भेट झाली.

दादाने इंजिन खोललं ते वहिनीला खोटं पाडायला. बेअरिंगचे रोलर झिजून चेचले गेले होते, रॉड हाताने हलत होता. संध्याकाळी चहाच्या दुकानात मात्र सांगत होता, "नळी लावली आणि कळलंच मला."

बाजारातून येताना ते माझ्या कानावर पडलं. मी घरी येऊन दादाशी भांडले, जेवले नाही. वहिनी मलाच म्हणाली, "जाऊ दे गं, लेकरू वाचलं ना."

त्या वर्षीच्या दसऱ्याला दादाने पाटावर पाने, हातोडे, पक्कड मांडली. मग थोडा वेळ घुटमळला, आत गेला, चुलीजवळची फुंकणी घेऊन आला आणि ती सगळ्यांच्या मधोमध ठेवली. तिच्यावर हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. मग वहिनीकडे एकदा बघितलं. तिचे डोळे भरून आले.

आमच्याकडे पाटावर पूजलेलं हत्यार त्या दिवशी वापरत नाहीत. सणाचा स्वयंपाक व्हायचा होता, लाकडं ओली होती. वहिनी चुलीपुढे ओणवी होऊन नुसत्या तोंडाने फुंकत बसली. नाकाडोळ्यांत धूर, केसांवर राख. मी म्हटलं, थांब, ती फुंकणी मी आणते.

"नको," ती खोकत खोकत म्हणाली. "आज तिचा मान हाय."

बाहेर दादा गिऱ्हाइकांना सोनं वाटत होता आणि मध्येच ओरडून विचारत होता, जेवायला अजून किती वेळ आहे.