भागरतामायची पात

रोवणा करताना भागरतामाय कधी मागे वळून पाहत नसे. धान रोवणारी बाई मागे मागे सरकत जाते. रोवलेले समोर दिसते, राहिलेले पाठीशी असते. नवीन बाईला सारखे वाटते, वळून पाहावे, धुरा, शेताचा बांध, किती दूर आहे. भागरतामाय म्हणे, "मांगं नोको पाहू वो. मांगं पाह्यलं का पाय हालते अन् पात वाकडी जाते. धुरा आला का टाचेलेच लागंन."

ती आमच्या शेजारची, आणि गावातल्या रोवणाऱ्या बायांची म्होरकी. माझा नवरा काविळीने गेला तेव्हा आणीबाणी नुकतीच उठली होती. पदरात दोन मुली. तोपर्यंत मी दुसऱ्याच्या बांधीत, धानाच्या वाफ्यात, कधी उतरले नव्हते. आषाढात भागरतामाय दारात येऊन म्हणाली, "बसून का करून राहिली? चाल."

आमच्याकडे बाया मिळून गुत्त्याने, म्हणजे ठोक मजुरीवर, रोवणा घेतात, आणि प्रत्येकीच्या वाट्याला एक पट्टा, एक पात येते. एक मागे पडली की सगळ्या अडतात. मी रोज मागे पडत होते. एके दिवशी यशोदा सगळ्यांसमोर म्हणाली, "इच्या भरोशावर राह्यलो तं पोळ्यालेच रोवणा सरन. उद्यापासून इले आणू नोको, माय." माझ्या हातातली पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, जुडी पाण्यात पडली. हे काम गेले असते तर मुलींना घेऊन भावाच्या दारात उभे राहावे लागले असते. तिथे मला कोणी बोलावले नव्हते.

भागरतामायने मानही वर केली नाही. "यशोदे, तू नवी आलतीस तवा पऱ्हे उलटे खोसत होतीस. कोनं पाह्यलं नाही असं वाटते तुले? इची अर्धी पात माही."

सगळ्या हसल्या. यशोदासुद्धा. त्या दिवसापासून भागरतामाय माझ्या शेजारी राहिली. स्वतःची पात रोवता रोवता तिचा हात माझ्या पाण्यात यायचा, चार रोपे लावून जायचा.

रोवणा सरत आला होता. एका दुपारी माझ्या टाचेला काहीतरी लागले. धुरा होता. बाकीच्या अजून चिखलातच होत्या. भागरतामाय म्हणाली, "आता माह्या पातीत हात घालते का काय?" नवरा गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले. त्या वर्षाइतके वाईट वर्ष मी पाहिले नाही, आणि त्या दुपारसारखी दुपारही पुन्हा आली नाही.

मुली मोठ्या झाल्या, थोरली साकोलीकडे दिली. भागरतामायची कंबर गेली. मग मी न विचारता तिच्या पातीत हात घालू लागले. "मले म्हातारी समजतेस का वो?" म्हणून ती रागवायची. पुढच्या साली तिने रागावणे सोडले, तेव्हा मला फार वाईट वाटले.

त्याच साली शिदोरी खाऊन ती धुऱ्यावरच्या पळसाखाली आडवी झाली, ती उठलीच नाही. तिच्या पायांचा चिखल मी धुतला.

तिची माती झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच बांधीत उतरलो, कारण उपटलेले पऱ्हे थांबत नाहीत. तिची पात अर्धी राहिली होती. यशोदा म्हणाली, "तू घे."

मी दोन्ही पाती रोवत सरकत होते. पळसाजवळ आले असे वाटले आणि मी वळून पाहिले. तिथे कोणी नव्हते.

पात तेवढ्यात वाकडी गेली. धान वाढले तसे ते वाकडेपण झाकले गेले. कापणी झाल्यावर धसकटांत ते वाकण पुन्हा उघडे पडले. यशोदेला दिसले. पुढच्या रोवण्याला ती माझ्या शेजारच्या पातीला लागली.