डाव्या हाताखालची पानं

हे मी पाळकांना सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच.

मी बातमीदार. यवतमाळात राहून नागपूरच्या एका दैनिकाला जिल्ह्याच्या बातम्या पाठवायचो. वक्त्याच्या तोंडी न बोललेला शब्द मी घालत नाही, एवढाच माझा लौकिक होता. सभेत कोण काय म्हणालं यावरून वाद झाला, तर लोक माझी बातमी काढून पाहायचे. हे आधी का सांगतो आहे? कदाचित मुद्द्यावर यायला वेळ लागावा म्हणून.

तेव्हा घरात आम्ही दोघंच; माझं लग्न फार उशिरा झालं. मोठ्या बहिणीला मी बाई म्हणायचो. आई गेली तेव्हा मला सांभाळायला म्हणून तिची शाळा सुटली — अक्षरं शिकण्याआधीच. पुढं लग्न झालं, नवरा लवकर वारला, ती माझ्याकडे आली. आम्ही ख्रिस्ती. घरात शास्त्र, म्हणजे बायबल, होतं, पण वाचणारा मी एकटा. काही अडलं की बाई हात धुवायची, डोक्यावर पदर घ्यायची, डोळे मिटून शास्त्र उघडायची आणि पानावर बोट ठेवायची. बोटाखालचं मी वाचायचं. बकरी विकावी का, असं विचारलं तेव्हा बोट वंशावळीवर पडलं — नुसती नावं. "देवाले आज फुरसत नाही वाटते," ती म्हणाली. बकरी राहिली.

छप्पनच्या धम्मदीक्षेनंतरची ती वर्षं. पिढ्यांचं ओझं टाकून लोक नव्यानं उभे राहत होते, आणि मी गावोगाव फिरून ते लिहीत होतो. त्याच सुमारास पुसदच्या एका कंपाउंडरनं आमच्या चर्चच्या पाळकीणबाईंमार्फत बाईला मागणी घातली. विधुर, दोन मुली.

"आता काहून लाजतं वो? नवरी काय मी हावो?" पाळकीणबाई तिला चिडवायच्या.  एकदा भाकरी थापताना बाई मला म्हणाली, "लहानीले भातच लागते म्हनते." तिनं चौकशी केली होती. म्हणजे तिचं मन तयार होतं — हे मला तेव्हाच कळलं होतं. कळलं नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

रविवारी उपासनेनंतर तिनं शास्त्र उघडलं. "वाच शमू. देव म्हनन तसं करू."

बोट कुठं पडलं होतं? सासूबरोबर परक्या गावी आलेल्या, शेतात सरवा वेचून पोट भरणाऱ्या त्या तरुण विधवेच्या गोष्टीवर. तिचं दुसरं लग्न ठरतं आणि वेशीपाशी बसलेले वडीलधारे आशीर्वाद देतात — नेमकं तिथं. याहून स्पष्ट काय हवं होतं?

मी पानाकडे पाहत राहिलो. ती गेली तर दौऱ्यावरून आल्यावर ताट कोण वाढणार — हो, एवढंच मनात आलं. मग मी वाचलं. पानावर नसलेलं. विधवांनी आहे तसंच राहिलं तर बरं, हा प्रेषिताच्या पत्रातला सल्ला मला पाठ होता. आवाजही अडखळला नाही.

"मले वाटलं होतं..." एवढं बोलून बाईनं शास्त्र मिटलं. पुसदला नकार गेला. वर्षाच्या आत त्या माणसानं दुसरीकडे लग्न केलं.

काही वर्षांनी पाळकीणबाईंनी मंडळीतल्या बायकांसाठी वर्ग काढला. बाई वाचायला शिकली. ओळीखाली बोट सरकवत, ओठ हलवत, पहिल्या पानापासून. दौऱ्यावरून आलो की आधी मी शास्त्रातली तिची वाचनाची खूण कुठवर गेली ते पाहायचो. चहा घेताना पाहायचो. खूण त्या गोष्टीच्या पुढं गेली. ती नेहमीसारखी वाचत राहिली — आणि मला घरात बसवेना. कामं नसताना मी नेरला, मुकुटबनला जाऊन यायचो.

मग एका रविवारी पाळकांनी नेमक्या त्या पत्रावर उपदेश केला. बाईनं ते पान स्वतः काढलं. घरी येऊन माझ्यासमोर शास्त्र ठेवलं.

"शमू, हे तर पार शेवटल्या पानायत हाय. तवा माह्या डाव्या हाताखाली थोडीशीच पानं होती."

"एकच गोष्ट शास्त्रात पुष्कळ ठिकाणी असते, बाई."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "असंल बा. तू शिकेल मानूस." आणि चूल पेटवायला गेली.

त्या दिवशी खरं बोललो असतो तर माझं काय जाणार होतं? कंपाउंडरचा संसार केव्हाच मार्गी लागला होता. ती कुठंही जाणार नव्हती. ताट वाढलं जाणारच होतं. तिनं फक्त विचारलं होतं, देवानं तिला काय म्हटलं होतं ते. ते ठाऊक असलेला माणूस समोर बसला होता.

ती त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. बोट ठेवून तिनं पुन्हा कधी काही विचारलं नाही.