कलम चार आणि बब्बूभाईचं कुलूप

माझ्या स्वतःच्या खोलीतून मला सहा विरुद्ध शून्य मतांनी बाहेर काढण्यात आलं, आणि त्या ठरावाच्या बाजूनं पहिला हात मीच वर केला होता.

राग अजून गेलेला नाही. लिहिताना पेन इतकं दाबलं जातं की मागच्या पानावरही वाचता येईल.

आधी मंडळाचा इतिहास सांगतो, कारण मंडळाच्या वहीत तो चुकीचा लिहिला आहे. वहीत आहे, 'काही समविचारी विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन मंडळाची स्थापना केली.' कुठले समविचारी? माझा धाकटा भाऊ अमोल अहेरीच्या पलीकडच्या आमच्या गावाहून गडचिरोलीला कॉलेजात आला आणि माझ्या टिनाच्या खोलीत उतरला. महिन्याभरात त्यानं एक मित्र आणला. "दादा, याले होस्टेल नाई भेटलं. आठ दिवस राहीन." आठव्या दिवशी त्या मित्रानं दुसरा आणला. असे सहा झाले. समविचार एकच होता : माझ्या हातचा भात मोकळा होतो.

मी आठवी पास, नववीआधीच गायब. गावात शाळा आठवीपर्यंतच. पुढं शिकायचं तर तालुक्याला राहायचं, आणि तिथं ठेवून घेणारं कोणी नव्हतं. पंधराव्या वर्षी एसटीनं गडचिरोलीला आलो आणि स्टँडजवळच्या एका टायरच्या दुकानापुढं नुसता उभा राहिलो. दुकानाचे मालक बब्बूभाई. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव नाही, जात नाही. "खाना खाया क्या?" एवढंच विचारलं. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे पंक्चर काढतो. एकोणीस वर्षं झाली. खोलीसुद्धा त्यांनीच पाहून दिली. हे सगळं मी एकदा भात वाढता वाढता पोरांना सांगितलं. (सांगायला नको होतं. शिकलेल्या पोरांना काही सांगितलं की ते त्याचं कलम करतात.)

अमोलचा विषय राज्यशास्त्र. त्याचा मित्र राकेश सिरोंचाकडचा, त्याला पुढं वकील व्हायचं होतं. या दोघांनी मिळून मंडळाची घटना लिहिली. माझ्या पलंगाची एक फळी काढून भिंतीला टांगली आणि तिच्यावर रंगानं मूल्यं रंगवली : शिक्षण, समता, बंधुभाव. (तेव्हापासून मी झोपलो की माझी कंबर समतेत राहत नाही.) खाली मंडळाचा उद्देश : 'आपल्या भागातल्या एकाही माणसाचं शिक्षण राहण्याखाण्यावाचून सुटू नये.' मग कलमं. कलम एक, दारात आलेल्याला पहिला प्रश्न 'जेवला का?' हाच विचारावा. कलम चार, सभासद फक्त विद्यार्थीच असेल. कलम सात, खोलीचं काहीही तोडणाऱ्याचं सभासदत्व तत्काळ रद्द. हे सातवं माझ्या आग्रहावरून घातलं, कारण त्यांनी माझा स्टोव्ह तोडला होता. चौथं वाचलं तेव्हा माझं लक्ष भाताकडे होतं.

मग पोलीस भरती आली. गावोगावचा जो तो धावायला गडचिरोलीत. आमच्या खोलीत पाच पाहुणे वाढले. पहाटे चारला उठून जागच्या जागी धावायचे, माझ्या कानाशी. भरती संपली आणि शेवटचा पाहुणा एकदाचा गेला, त्याच सकाळी सातला राकेशनं सभा घेतली. दुपारी दोनला सगळ्यांचा पेपर होता, तरी घेतली.

"ठराव असा," राकेश म्हणाला, "की यापुढं खोलीत मुक्काम फक्त सभासदांनीच करावा. बाजूनं असन त्यानं हात वर करा."

माझा हात छताच्या टिनाला लागला.

राकेशनं मोजलं. पुन्हा मोजलं. मग चष्मा पुसला.

"भाऊ, तुमी हात खाली घ्या."

"काऊन? माह्या हाताले काय झालं?"

"तुमाले मत नाई. कलम चार. तुमी विद्यार्थी नाई, म्हनून सभासद नाई."

"बरं, नाई तं नाई. तुमी करा पास."

"झाला पास. सहा विरुद्ध शून्य."

मी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग पाहिलं तर अमोल मान खाली घालून चटईची काडी उपटत होता.

"काय झालं गा?"

"दादा, ठरावानं... तुमालेही इथी राहता नाई येत."

मला वाटलं आता कोणीतरी हसेल. कोणी हसलं नाही. राकेश म्हणाला, "भाऊ, तुमच्यासाठी दुरुस्ती आनू. पन सात दिवसांची नोटीस द्या लागते."

"माह्या खोलीत राहाले मलेच नोटीस?"

"नोटीस तुमाले नाई, सभासदांले."

अमोलला मी खांद्यावर बसवून बाजार दाखवलेला आहे. तो माझ्या बाजूनं एक शब्द बोलला नाही. सहाच्या सहा पुस्तकं उचलून अभ्यासिकेत गेले. जाताना राकेश म्हणाला, "मनावर घेऊ नोका भाऊ, तत्त्वाचा प्रश्न आहे." मी विचार केला, तुमच्याकडे तत्त्व आहे, माझ्याकडे काय आहे? माझ्याकडे दुकानाची किल्ली होती.

दुकानावर गेलो, शटर उघडलं आणि शटरचं कुलूप घेऊन आलो. अर्ध्या किलोचं तरी असेल. ते खोलीला लावलं, बब्बूभाईंना फोनवर फक्त "घरी जातो" एवढं सांगितलं आणि अहेरीची गाडी धरली. ठरवलं होतं की परत यायचंच नाही. मायला सांगायचं, तुझ्या शिकलेल्या पोरानं मला घराबाहेर काढलं.

पण रागाला आमच्याकडे रस्ता साथ देत नाही. चामोर्शीच्या अलीकडे एसटी पंक्चर झाली. मी ठरवून खिडकीबाहेर पाहत बसलो. ड्रायव्हर जॅक उलटा लावून राहिला होता. पाच मिनिटं सोसलं. मग खाली उतरून त्याच्या हातातून पाना घेतला आणि जन्मभराचा राग त्या चाकाच्या नटांवर काढला. कंडक्टर म्हणाला, "भाऊ, तुमी टायरचं काम करता का?" म्हटलं, "नाई, मी बेघर आहो."

चामोर्शीला पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. फोन पाहिला. अमोलचे अकरा कॉल. बाराव्याला उचलला.

"दादा, हॉलतिकिटं आत आहेत. सहाही जनांचे."

मी स्टँडवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पण आवाज कडकच ठेवला. "मंग तोडा कुलूप."

"तोडता नाई येत. कलम सात."

"अरे, पेपर मोठा का कलम मोठं?"

"आमी त्याच्यावरच चर्चा करून राह्यलो." मागून राकेशचा आवाज आला, "तिघं बाजूनं, तिघं विरोधात."

"मंग बब्बूभाईले सांगा. त्यायच्यापाशी कटर आहे."

"ते आलेच आहेत. हे घ्या."

फोनवर बब्बूभाई. "क्यों रे, ये तो मेरे शटर का ताला है."

सोळा वर्षांत ते माझ्यावर एकदाही ओरडले नव्हते, आणि मी त्यांचं दुकान उघडं टाकून आलो होतो. "भाई, काटून टाका."

"नया ताला है. काटूँगा नहीं. तू आ. बच्चों का साल जाएगा तो मैं तेरे को काटूँगा."

परतीच्या एसटीला वेळ होता. काळीपिवळी जीप उभी होती, पण ती भरल्याशिवाय निघेना. आयुष्यात मी मोठ्यानं बोललेला माणूस नाही. त्या दिवशी चामोर्शीच्या स्टँडवर मीच "गडचिरोली, गडचिरोली" ओरडत फिरलो. एका म्हाताऱ्या बाईंना बाजारातून उचलूनच आणलं. अर्ध्या वाटेत त्या म्हणाल्या, "मले तं आष्टीले जाचं होतं गा." आष्टी बरोबर उलट्या दिशेला. त्यांनी मला दिलेल्या शिव्या मी इथं लिहीत नाही, पण त्यातली एकही चूक नव्हती.

दीडला खोलीवर पोचलो. सहा पोरं पायरीवर बसून एकाच पुस्तकात डोकं घालून वाचत होती. मला पाहून सगळे उठले. मी शिव्यांची तयारी ठेवली होती, द्यायचीही आणि खायचीही. राकेश पुढं आला आणि म्हणाला, "भाऊ, जेवले का?"

असा राग आला मला, की डोळ्यांतून पाणीच आलं. "जा, मरा पेपरले," म्हणून मी कुलूप काढलं.

पेपर झाले. संध्याकाळी सहाही जण बब्बूभाईंना घेऊन आले. राकेश म्हणाला, "दुरुस्ती नोको. 'विद्यार्थी' हा शब्द काढला तं मंडळच नाई उरत."

"मंग मी जातो."

"नोका जाऊ. विद्यार्थी व्हा."

त्यानं सतरा नंबरचा फॉर्म पुढं धरला. बाहेरून दहावीला बसायचा. मी म्हटलं, "मी एकतीस वर्षांचा आहो. थट्टा करता का?" तेव्हा अमोल दिवसभरात पहिल्यांदा मोठ्यानं बोलला. "दादा, त्या फळीवर उद्देश लिवला ना, तो मी तुमच्यावरूनच लिवला. शिक्षण तं तुमचंच सुटलं होतं."

मी फळीकडे पाहिलं. दोन वर्षं रोज तिच्याखाली भात शिजवला होता. बब्बूभाई म्हणाले, "भर दे, भर दे. दोपहर की छुट्टी दूँगा." त्यांच्या पेननं सही केली.

अशा रीतीनं मी मंडळाचा सभासद झालो, आणि त्याच क्षणी मला कलम नऊ वाचून दाखवण्यात आलं : सगळ्यात खालच्या वर्गातल्या सभासदानं पाणी भरावं. बाकीचे कॉलेजात. मी दहावीत.

याला तीन वर्षं झाली. अमोल आणि राकेश शिकून पुढं गेले, नवे आले, तेही पुढच्या वर्गात गेले. माझी मराठी सुटली, इतिहास सुटला, इंग्रजीसुद्धा पस्तीस मार्कांवर सुटली. परवा यंदाच आलेल्या एकानं मला नळावर पाहिलं आणि फार आदरानं विचारलं, "काका, तुमी म्हने मंडळाचे संस्थापक. मंग पानी अजून तुमीच काऊन भरता?"

मी घागर खाली ठेवली, त्याच्याकडे अतिशय रागानं पाहिलं आणि म्हटलं, "बीजगणितामुळं."