स्वयंपाकघरात थांबलेली लेक

ॲस्टोरियाच्या पोस्टातून निवृत्त झाल्यावर व्हर्ना हॅल्वर्सन स्वयंसेविका म्हणून बरं न होणाऱ्या रुग्णांच्या घरी जाऊ लागली. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याच्या कायद्याप्रमाणे अशा रुग्णानं औषध घेऊन मरण पत्करायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. व्हर्ना फक्त विचारलेल्याचं खरं उत्तर द्यायची.

जन्मभर मासेमारी केलेल्या आर्वो निएमेलांचा कॅन्सर हाताबाहेर गेला होता. कायद्याला लागणाऱ्या दोन्ही डॉक्टरांनी होकार दिला आणि आर्वोंनी दिवसही ठरवला, पण त्यांची लेक मार्लिस व्हर्नाशी धड बोलेना. शेवटी व्हर्नानं तिला अंगणात गाठून विचारलं, "तुला नेमकी भीती कशाची वाटते गं?"

"औषधाचा तो पेला मला बाबांच्या हातात द्यावा लागेल, याची," म्हणताना मार्लिसला रडू फुटलं.

"अगं, तो त्यांचा त्यांनीच घ्यायचा असतो. तू खोलीत थांबायलाच हवं असंही नाही."

हे कळल्यावर आर्वो हसले. "नकोच थांबूस. तुला इंजेक्शनसुद्धा बघवत नाही. तू आपली पाव भाज. दार तेवढं उघडं ठेव, तुझी आदळआपट कानावर पडू दे."

ठरलेल्या दिवशी सकाळी मार्लिस वेलची घातलेलं पीठ मळत राहिली. व्हर्ना उशाशी बसली होती. आर्वोंनी पेला स्वतःच्या हातानं रिकामा केला, आणि लेकीची खुडबूड ऐकता ऐकता त्यांचा डोळा लागला, तो कायमचाच.

"मी जवळ बसले नाही, तरी तुम्ही मला नावं ठेवली नाहीत," मार्लिस नंतर म्हणाली. "हे उपकार मी विसरायची नाही."

"उपकार कसले? अशा दिवशी तुम्ही मला घरात घेतलंत," व्हर्ना म्हणाली, आणि तिनं मार्लिसचे पिठानं माखलेले हात हातात घेतले.