भाऊजींचं कोरियन

भाषा माणसांची मनं जोडते. माझे मेहुणे प्रभाकर भाऊजी यांच्या शोकसभेत हे वाक्य तीन वक्त्यांनी उच्चारलं आणि तिघांनीही पुरावा म्हणून एकच गोष्ट सांगितली... भाऊजी आणि त्यांची एकुलती एक मुलगी मेधा घरात एकमेकांशी कोरियन भाषेत बोलत. नेरूळमधल्या त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये माना डोलल्या. असे बाप-लेक आजकाल बघायला मिळत नाहीत, असं खजिनदार म्हणाले. मेधा पहिल्या रांगेत ताईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, धरून बसली होती. तिने मान डोलावली नाही. मीही नाही. त्याला आता पाच-सहा आठवडे झाले. मध्यंतरी या पुरवणीसाठी 'नुकत्याच गेलेल्या जवळच्या माणसावर' लिहाल का, अशी विचारणा झाली. जवळचे तर ते होतेच. दोन बिल्डिंगा सोडून राहायचे.

भाऊजी एका सरकारी कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात सोसायटीचे अध्यक्ष झाले, त्यामुळे निवृत्ती अशी त्यांना लाभलीच नाही. जिन्यात चपला काढू नयेत एवढं सांगायला त्यांना 'सर्व सन्माननीय सभासदांस' इथून सुरुवात करून नागरिकांच्या कर्तव्यांवरून जावं लागे. ती सूचना वाचायला लोक जिन्यातच थांबत, चपला घालून. घरात ते बोलत नसत, निवेदन करत. निवेदन संपलं की ताई "बरं" म्हणे आणि मेधा आपल्या खोलीत जाई. माझ्यासारख्या ग्रंथपाल बाईला शांततेची सवय असते, पण त्या घरातली शांतता निराळी होती. पुढची सूचना निघेपर्यंतची होती ती.

शहाण्णव साली मेधाला रबाळ्याच्या एका कोरियन कंपनीत नोकरी लागली. कारखाना नुकता उभा राहत होता. तिकडून यंत्रं आली होती आणि ती बसवायला इंजिनियर आले होते. त्यांतला एक जुन्हो. ऑफिसातल्या सगळ्यांना कंपनीने रोजच्या बोलण्यापुरत्या कोरियनचं पुस्तक आणि कॅसेट दिली. बाकीच्यांनी ती कॅसेट पुसून तिच्यावर गाणी भरून घेतली. मेधा शिकली. जेवणाच्या सुट्टीत जुन्हो शिकवायचा. तो डब्यातली भेंडी खायला शिकला आणि ही बोलायला. वर्षभराने त्याचं काम संपलं, तो परत गेला, आणि दर रविवारी संध्याकाळी ताईकडच्या फोनची घंटा लांब लांब वाजायला लागली. मेधा हॉलमध्ये उभी राहून, फोनची वायर बोटाला गुंडाळत, हळू आवाजात कोरियन बोलायची. त्या पोरीला मी तोपर्यंत इतकी वाक्यं सलग बोलताना ऐकलं नव्हतं.

भाऊजींचं म्हणणं साधं होतं. "माझ्या घरात, माझ्या फोनवर, मला न कळणारं बोलणं चालणार नाही." त्यांनी हे निवेदन ताईला केलं, मला केलं, एकदा इस्त्रीवाल्यालाही केलं. मुलगा परका, परधर्माचा, काय खातो याचा पत्ता नाही, वगैरे सगळं त्यात आलं. मेधाने ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी फोन उचलला. जुन्होने लग्नाचं विचारलंय आणि आपण हो म्हणणार आहोत, हे तिने फक्त ताईला आणि मला सांगितलं होतं. दिवाळीनंतर तो येणार होता, रीतसर विचारायला. तोवर बाबा थोडे मऊ पडावेत, एवढीच तिची इच्छा होती.

आणि ते पडले. निदान आम्हाला तसं वाटलं. एका संध्याकाळी त्यांनी मेधाला बोलावलं आणि म्हणाले, "मलाही शिकव ते तुझं कोरियन." मेधा बघतच राहिली. ताई डोळ्यांना पदर लावून आत गेली. जावयाशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून या वयात शिकायला बसतोय, असा आम्ही तिघींनी त्याचा अर्थ लावला. त्यांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं, कारण आपण काही चूक करतोय असं त्यांना कधीच वाटत नसे.

शिकवणी जेवणाआधी चाले. मीही कधी कधी जाऊन बसायची. अक्षरं त्यांना आठवडाभरात आली. कोरियन अक्षरं कुणालाही आठवडाभरात येतात, पण ती बातमी सोसायटीच्या फळ्यावर लागली. क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच, हे कळल्यावर त्यांनी कोरियन लोकांना एकूण समज असल्याचा दाखला दिला. तिकडे 'माझी मुलगी' न म्हणता 'आमची मुलगी' म्हणतात, हे त्यांना फारच पटलं. ओळख झाल्याबरोबर वय विचारतात आणि मग कुणी कुणापुढे किती वाकायचं ते ठरतं, हे ऐकून तर ते उठून येरझाऱ्या घालायला लागले. "वळण आहे, वळण!" आकड्यांवर मात्र त्यांचा राग. तास सांगायला एक आकडे आणि मिनिटं सांगायला दुसरे, हा प्रकार त्यांना कुठल्यातरी कारकुनाने मुद्दाम करून ठेवलेला वाटे. मेधा हसायची. बापाच्या तोंडावर हसायची! "नाही बाबा, ओठ एवढे आवळू नका. परत म्हणा." ते परत म्हणत. त्या दिवसांत मी त्यांच्याबद्दल ओळखीच्या लोकांत चांगलं बोलले. ते सगळं मी इथे परत घेते.

रविवारी फोन आला की ते आता पेपर तोंडापुढे धरून शेजारी बसत. मग मला हळूच अहवाल देत.

"काय बोलत होती?" मी एकदा विचारलं.

"जेवणाचं."

"आणि?"

"पुन्हा जेवणाचं. त्याने काकडी खाल्ली. तिकडे थंडी आहे."

"बास?"

"मधलं जरा भरभर बोलतात," ते म्हणाले. "पुढच्या धड्यात असेल."

मधलं जे काही होतं ते त्या पुस्तकाच्या कुठल्याच धड्यात नव्हतं. तिथे बाजार होता, बस होती, हवामान होतं, आणि कुटुंब होतं. कुटुंबाचा धडा त्यांनी दोनदा करून घेतला. ही आमची मुलगी. आमची मुलगी ऑफिसात जाते. आमच्या मुलीचं लग्न झालं आहे. मेधाने प्रत्येक वाक्य त्यांच्याकडून घोटून घेतलं, उच्चार बरोबर येईपर्यंत.

दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी मेधा पनवेलला मैत्रिणीकडे बारशाला गेली होती. मी आणि ताई स्वयंपाकघरात करंज्या भरत होतो. फोन वाजला, भाऊजींनी उचलला आणि चक्क उभे राहून, एक हात पाठीमागे ठेवून, कोरियन बोलायला लागले. एक-एक शब्द सुटा, ठणठणीत, झेंडावंदनाला बोलावा तसा. ताईने माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. फोन ठेवून ते दारात आले तेव्हा चेहरा फुललेला होता.

"बोललो! पुस्तक न बघता!"

"काय बोललात?" ताईने विचारलं.

"घरगुती," भाऊजी म्हणाले. "चहा टाक."

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दिवाळी झाली, कुणी आलं नाही. तिकडे कंपन्या बुडताहेत, लोकांच्या नोकऱ्या जाताहेत, असं पेपरात यायला लागलं होतं, त्यामुळे मेधा आधी त्याच काळजीत होती. त्याचा फोन लागेना. शेवटी एकदा स्टेशनजवळच्या आयएसडी बूथवरून लागला. मी बरोबर होते. काचेतून मला तिचा चेहरा दिसत होता. ती थोडंसंच बोलली, मग नुसती ऐकत राहिली. बाहेर आली आणि म्हणाली, "मावशी, तो माझं अभिनंदन करतोय."

मुलगी घरी नाही, मुलगी पुण्याला गेली, आमच्या मुलीचं लग्न झालं आहे... भाऊजींनी एवढंच सांगितलं होतं. तिन्ही वाक्यं धड्यातली. त्या घरात मेधाशिवाय कोरियन जाणणारं माणूस म्हणजे वडील, आणि ते तिनेच शिकवलेलं, हे जुन्होला ठाऊक होतं. वडील मुलीच्या लग्नाबद्दल खोटं कशाला सांगतील? त्याची आई बरेच दिवस एका मुलीसाठी मागे लागली होती. त्याने आईला होकार देऊन टाकला होता आणि तारीखही ठरली होती.

घरी आलो तेव्हा भाऊजी दिवाणावर बसून नखं काढत होते. मेधा त्यांच्यासमोर उभी राहिली.

"बाबा, जुन्होला काय सांगितलंत तुम्ही?"

"जे सांगायला हवं होतं ते."

ताई दारातच खाली बसली. आणि मग भाऊजींनी जे विचारलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. नेलकटर बाजूला ठेवून, जरा पुढे वाकून, परीक्षेचा निकाल विचारावा तसं त्यांनी विचारलं, "पण त्याला कळलं ना? सगळं? मला उच्चाराची जरा शंका होती."

"कळलं," मेधा म्हणाली. "एकही चूक नव्हती."

"बघ!" भाऊजी म्हणाले. "अखेर शिकवलं कुणी?"

त्यांनी हे तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं. मी खूप विचार केला आहे यावर. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

मेधाला घर सोडून जाता आलं असतं. कारखाना रडतखडत का होईना चालू होता, पगार होता, वाशीला मुलींचं हॉस्टेल होतं. मी तसं सुचवलंही. "मी का जाऊ?" ती म्हणाली. त्या दिवसापासून ती बापाशी मराठीत एक शब्द बोलली नाही. ताईशी मराठी, माझ्याशी मराठी, आणि भाऊजींशी पुस्तकातलं कोरियन, अत्यंत आदरार्थी. जेवलात का. आज उकडतंय. पाऊस येतोय. मी जाते. मी आले. औषध घेतलंत का. त्यापलीकडचं काही नाही, कारण भाऊजी त्यापलीकडे शिकले नव्हते आणि आता शिकवायला कुणी नव्हतं.

भाऊजींना हा आपला गौरव वाटला. खाली वॉचमनपासून वर गच्चीवर पापड घालणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्यांना कळलं की अध्यक्षांच्या घरी कोरियन बोलतात. पुढच्या सव्वीस जानेवारीला सोसायटीच्या सत्यनारायणानंतर त्यांनी स्वतःच कार्यक्रम जाहीर केला, 'पिता-पुत्री संवाद'. मेधा नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. ती साडी नेसून आली, माइकसमोर त्यांच्याशेजारी उभी राहिली. आधी ठरलेलं झालं, जेवलात का, हो जेवलो, हवा छान आहे. लोक खूश. मग मेधा त्यांच्याकडे वळली आणि एक लांबच लांब वाक्य बोलली. ते कुठल्या धड्यातलं नव्हतं. भाऊजी क्षणभर चाचपडले. समोर सगळी सोसायटी प्रसादाचे द्रोण घेऊन बसलेली. मग ते प्रसन्न हसले आणि मान हलवत म्हणाले, "ने, ने!" म्हणजे हो, हो. टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारच्या नेरूळ गावातल्या भगतबाई मला कोपराने ढोसून म्हणाल्या, "पोरीनं बापाचा नाव काढला हाय!"

मी नंतर जिन्यात मेधाला गाठलं. "काय बोललीस गं?"

"विचारलं त्यांना. तुम्ही जाणूनबुजून माझं वाटोळं केलंत, हे सगळ्यांसमोर कबूल आहे का?" तिने पदर खोचला. "कबूल म्हणाले."

अशी बरीच वर्षं गेली. भाऊजींना या फेब्रुवारीत हृदयविकाराचा झटका आला. वाशीच्या एका इस्पितळात होते. मेधा ऑफिसातून थेट तिथे जायची. तिचं कर्तव्य ती चोख करत होती, फळं, औषधं, डॉक्टरांशी बोलणं, सगळं. नर्सना त्या दोघांचं फार कौतुक, "तुम्ही कुठली लँग्वेज बोलता हो?" शेवटच्या आदल्या दिवशी मी तिथे होते. भाऊजींचा आवाज अगदी खाली गेला होता. मेधाने नेहमीचं विचारलं, जेवलात का. त्यांनी मान हलवली. मग तिचा हात शोधत म्हणाले, "मेधा... मराठीत बोल ना गं."

या माणसाने तिच्याकडे आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं, निवेदन न करता. त्यांच्या ओठांवर आणखी काहीतरी होतं, असं मला अजून वाटतं. मेधा त्यांच्यावर वाकली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

"बाबा," ती मराठीत म्हणाली, "हात हलवू नका. सुई निघेल."

ते तिचं त्यांच्याशी शेवटचं बोलणं.

घरात आता निवेदनं नाहीत. ताई दुपारी रेडिओ लावते, मोठ्याने. दाराशी उजेडाला एक वेताची खुर्ची आहे, जिच्यात भाऊजी शेवटची दोन वर्षं संध्याकाळचे बसत. मेधा ऑफिसातून आली की चपला काढता काढता अजूनही त्या रिकाम्या खुर्चीकडे किंचित वाकून कोरियनमध्ये 'मी आले' म्हणते. परवा मी तिथेच होते. मला राहवलं नाही.

"आता कुणाला सांगतेस?"

"सवय गं मावशी," ती म्हणाली आणि पर्स खुंटीला अडकवली. "त्यांना तेव्हाही कुठे ऐकू यायचं? दाराकडचा कान त्यांचा केव्हाच गेला होता. मशीन लावून घ्यायला तयार नव्हते, अध्यक्षांना शोभत नाही म्हणून."