राघूच्या गळ्यातला आवाज

काल दुपारी कुंपणावर एक थोराड वानर येऊन बसलं. पिंजऱ्यातला राघू ओरडला, "मेल्या, भाकरी नाही तुला. हो खाली." बायको जाऊन वर्ष होत आलं, पण राघू अजून तिच्याच आवाजात शिव्या देतो. आता बाई काठी घेऊन येणार म्हणून वानरानं स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. मीही पाहिलं. कोणी आलं नाही. वानर मात्र उतरून गेलं.

शेजारची शेवंता म्हणाली, "तात्या, राघू हल्ली कमी बोलतो. तुम्ही दगडावानी बसून असता. त्याच्याशी बोला, नायतर विसरंल सगळं."

"बोललो तर माझं शिकंल," मी म्हणालो.

पाखराला मेलेलं-जितं कळत नाही. जो आवाज रोज कानावर पडतो, तो त्याचा. माणसाचंही तसंच असावं. तिचा चेहरा आता मला नीट आठवत नाही. आवाज तेवढा पिंजऱ्यात शिल्लक आहे, म्हणून मी घरात तोंड उघडत नाही.

आज सकाळी राघूला हिरवी मिरची दिली, तीही मुक्यानंच. त्यानं ती सोलून खाल्ली, मान वाकडी करून माझ्याकडं पाहिलं आणि खोकला. खोकला माझा होता.